धम्मभांडागारिक आनंद आणि संगीतीआधीची रात्र

रविवारची सामुदायिक वंदना संपली, सतरंज्या गुंडाळल्या आणि चहा आला, की आपल्या विहारात एक वाद हटकून निघतो. कुणीतरी इगतपुरीहून दहा दिवसांचे शिबिर करून आलेले असते. त्याला सगळे विचारतात, काय मिळाले? तो बिचारा काय सांगणार? मागे एक ज्येष्ठ उपासक तिसऱ्यांदा शिबिर करून परतले आणि म्हणाले की गुडघे गेले पण ज्ञान काही झाले नाही, आता सत्तरी आली, आपल्या नशिबात ते नसावे. नशीब हा शब्द आपल्यात चालत नाही, म्हणून तरुण मंडळी हसली. एकाने तर सुनावलेच की डोळे मिटून बसण्याने कुणाला काही होत नसते, ते सोडा आणि वस्तीत अभ्यासिका चालवा. ज्येष्ठ उपासक काही बोलले नाहीत. पुढचे दोन रविवार ते वंदनेला आले नाहीत.

स्मरणिकेत एक चरित्र असावे असे समितीत ठरले, तेव्हा आम्हाला हा प्रसंग आठवला. सारिपुत्त, अंगुलिमाल, महाप्रजापती गौतमी अशी नावे निघाली. पण आम्ही भदंत आनंदांचे नाव धरून बसलो. कारण ज्ञान होत नाही म्हणून रडलेला माणूस धम्माच्या इतिहासात कुणी असेल, तर ते आनंद. आणि हा काही कोपऱ्यातला नवशिका भिक्खू नव्हता. तथागतांच्या सावलीसारखा २५ वर्षे वावरलेला, त्यांची प्रवचने मुखोद्गत असलेला, ज्याला पुढे धम्मभांडागारिक म्हणजे धम्माच्या कोठाराचा राखणदार म्हटले गेले, असा हा माणूस होता.

आनंदांचा जन्म शाक्य कुळात झाला. पाली अट्ठकथेप्रमाणे शुद्धोदनाचा भाऊ अमितोदन हा त्यांचा पिता, म्हणजे ते सिद्धार्थाचे चुलतभाऊ. दोघे एकाच दिवशी जन्मले असेही परंपरा सांगते. पण पुढचा हिशेब पाहता आनंद वयाने बरेच लहान असावेत, असे अनेक अभ्यासकांना वाटते. आम्हालाही तेच पटते. ऐंशीच्या घरातल्या गुरूची अंघोळ, अंथरूण, पाणी, प्रवास हे सगळे स्वतः ऐंशी वर्षांच्या माणसाने सांभाळणे कठीणच.

तथागतांना बोधी प्राप्त झाल्यानंतर दुसऱ्या वर्षी मल्लांच्या अनुपिया गावातल्या आंबराईत काही शाक्य तरुण प्रव्रज्या घ्यायला आले. अनुरुद्ध, भद्दिय, भगू, किंबिल, देवदत्त आणि आनंद. त्यांच्याबरोबर त्यांचा न्हावी उपाली होता. या तरुणांनी विनंती केली की आधी उपालीला दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला त्याच्या पाया पडावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा ताठा उतरेल. तसेच झाले. आपल्याकडे हा प्रसंग उपालीच्या बाजूने नेहमी सांगितला जातो आणि तो सांगितलाच पाहिजे. पण वाकणाऱ्या रांगेत आनंदही होते, आणि ते आयुष्यभर वाकलेलेच राहिले, हेही ध्यानात ठेवावे.

लवकरच त्यांना पहिले फळ मिळाले. मंतानीपुत्र पुण्ण नावाचे थोर भिक्खू नव्या भिक्खूंना शिकवत. माणूस आरशात किंवा पाण्यात स्वतःचे तोंड पाहतो, तेव्हा ते दिसणे आरशावर अवलंबून असते. तसा 'मी आहे' हा भाव रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान यांच्या आधाराने उठतो, आधाराशिवाय नाही. एवढे ऐकले आणि आनंद सोतापन्न झाले.

इथे थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण ज्ञान झाले किंवा झाले नाही असे आपण सरसकट बोलतो. पाली ग्रंथांत त्याच्या चार पायऱ्या आहेत : सोतापन्न, सकदागामी, अनागामी आणि अर्हत. मनाला बांधणारी दहा बंधने मोजली आहेत. ती तुटत जातात त्याप्रमाणे पायरी ठरते. म्हणजे आकाशातून काहीतरी उतरते, दिव्य प्रकाश पडतो, असा तो हिशेब नाही. नवीन काही मिळवायचे नसून जे बांधते ते सुटायचे असते. पहिल्या पायरीवर तीन बंधने तुटतात. एक, कायम टिकणारा 'मी' आहे ही समजूत. दुसरे, धम्माविषयीची शंका. आणि तिसरे फार लक्षात घेण्यासारखे आहे : नुसती व्रते, नियम, विधी पाळल्यानेच शुद्धी होते ही पकड. म्हणजे अमुक क्रिया अमुक वेळा केली की ज्ञान ठरलेलेच, हा विश्वास पहिल्याच पायरीवर गळून पडतो. आनंदांचा तो तरुणपणीच गळला होता. उरली होती ती वरची बंधने, आणि त्यांत अहंमान आणि चित्ताची चंचलता, जिला पालीत उद्धच्च म्हणतात, ही दोन फार चिवट.

पहिली वीस वर्षे तथागतांना कायमचा सेवक नव्हता. नागसमाल, उपवान, मेघिय, राध असे कुणी ना कुणी असे. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी कायमचा सेवक हवा असे बोलून दाखवले. मोठमोठे भिक्खू पुढे आले, आनंद मात्र गप्प बसून राहिले. निवड त्यांचीच झाली. तेव्हा त्यांनी आठ अटी घातल्या. तथागतांना मिळालेले उंची चीवर मला नको. त्यांना मिळालेले चांगले अन्न नको. त्यांच्या गंधकुटीत राहायला जागा नको. त्यांना आलेल्या आमंत्रणात मला धरू नये. या झाल्या नकाराच्या चार. मागण्याच्या चार अशा की मी स्वीकारलेल्या आमंत्रणाला त्यांनी यावे, दुरून आलेल्यांना मी लगेच भेटवू शकावे, मला शंका आली की केव्हाही विचारता यावे, आणि माझ्या पाठीमागे जे प्रवचन होईल ते त्यांनी मला पुन्हा सांगावे. आजकाल साहेबाचा पी.ए. झाला की माणूस काय काय मागतो ते आपण पाहतोच. आनंदांनी लाभाच्या सगळ्या वाटा आधी बंद केल्या आणि ऐकण्याच्या तेवढ्या उघड्या ठेवल्या.

मग २५ वर्षे एकच दिनक्रम. पहाटे दातवण आणि पाणी ठेवायचे, पाय धुवायचे, अंग चेपायचे, कुटी झाडायची. रात्री हातात दिवा घेऊन गंधकुटीभोवती नऊ वेळा फेरी घालायची, हाक आली तर ओ देता यावी म्हणून. राजगृहात देवदत्ताने नालागिरी हत्ती सोडला तेव्हा आनंद तथागतांच्या पुढे जाऊन उभे राहिले. मगधातली बांध घातलेली भातशेते पाहून तुकडे जोडून चीवर शिवण्याचा नमुना त्यांनीच तयार केला. आज आपल्या विहारात येणाऱ्या भंतेंच्या अंगावर जे चीवर दिसते त्याच्या जोडांत ती भाताची खाचरे आहेत. तथागतांनी त्यांना पाच गोष्टींत अग्र म्हटले : बहुश्रुतता, स्मृती, आकलन, धैर्य आणि सेवा. धम्माची ८४ हजार वचने त्यांना अवगत होती, त्यांतली ८२ हजार तथागतांकडून आणि २ हजार इतर भिक्खूंकडून, असे थेरगाथेतल्या त्यांच्या गाथांमध्ये नोंदले आहे.

असा माणूस. आणि त्याच्या डोळ्यांसमोर एकेक जण पुढे निघून जात होता. चुल्लपंथकाला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना म्हणून त्याचा सख्खा भाऊ त्याला विहाराबाहेर काढायला निघाला होता. तथागतांनी त्याच्या हातात स्वच्छ फडके दिले आणि ते चोळत बसायला सांगितले. फडके मळत गेले आणि ते पाहता पाहता चुल्लपंथक अर्हत झाला. पटाचाराने पाय धुताना पाणी ओघळत कुठवर जाते ते पाहिले आणि तिला उमगले. बाहिय नावाच्या परगावच्या माणसाला रस्त्यात उभ्याउभ्या चार वाक्ये ऐकायला मिळाली, तेवढ्याने भागले. एकाला फडके, एकीला पाणी, एकाला चार वाक्ये. आणि आनंदांना ८४ हजार वचने पाठ असूनही नाही! उदायी नावाच्या भिक्खूने त्यांना यावरून एकदा टोमणाही मारला की एवढ्या थोर गुरूजवळ राहून तुम्हाला काय लाभ? तथागतांनी उदायीला गप्प केले आणि आनंद याच जन्मी मुक्त होतील असे सांगितले. टोमणा विसरला गेला असेल का? आम्हाला नाही वाटत.

पण याच अपूर्ण माणसाने संघात सर्वांत मोठे दार उघडले. महाप्रजापती गौतमी शाक्य स्त्रियांना घेऊन कपिलवस्तूहून वैशालीपर्यंत पायी चालत आल्या. पाय सुजलेले, अंग धुळीने माखलेले. कूटागारशाळेच्या बाहेर त्या रडत उभ्या होत्या. तथागतांनी प्रव्रज्येला आधीच नकार दिलेला होता. आनंदांनी तीनदा विनंती केली, तीनदा नकार आला. मग त्यांनी प्रश्नच फिरवला. दया करा, त्या थकल्या आहेत, असे ते म्हणाले नाहीत. स्त्रीने घर सोडून या मार्गाने साधना केली तर तिला सोतापन्न ते अर्हत ही चारही फळे मिळू शकतात की नाही, एवढेच विचारले. मिळू शकतात, असे उत्तर आले. मग अडवायचे कशासाठी? भिक्खुणी संघ उभा राहिला. गंमत पाहा, स्वतःला जे अजून मिळालेले नव्हते त्याचा अधिकार त्यांनी दुसऱ्यांसाठी मागून घेतला. मातंग मुलीच्या हातचे पाणी मागणारे आनंद आपल्याला रवींद्रनाथांच्या १९३३ च्या चंडालिका नाटकामुळे ठाऊक आहेत. ती कथा नंतरच्या संस्कृत अवदानातली आहे, पण माणूस तोच वाटतो. त्यांनी पाणी मागितले होते, जात नव्हे.

आता साधनेच्या पद्धतीविषयी तथागतांचे स्वतःचे म्हणणे काय होते? या चरित्राशी त्याचा थेट संबंध आहे. सोण नावाचा श्रीमंत घरचा तरुण भिक्खू चंक्रमण करून करून तळपाय रक्ताळून बसला, आणि तरी काही होईना म्हणून घरी परतायच्या विचारात होता. त्याला तथागतांनी त्याच्याच वीणेची आठवण दिली. तारा फार ताणल्या तर सूर लागत नाही, सैल सोडल्या तरी लागत नाही. दुसऱ्या एका ठिकाणी कोंबडीचा दाखला आहे. कोंबडीने अंडी नीट उबवली, तर पिल्ले बाहेर यावीत अशी इच्छा तिने केली काय आणि न केली काय, ती यायचीच. नीट उबवलीच नाहीत, तर नुसत्या इच्छेने कवच फुटत नाही. तिथेच सुताराच्या वाकसाचा दाखला आहे. दांड्यावर बोटांच्या खुणा झिजून उमटतात. आज किती झिजला, काल किती, हे सुताराला सांगता येत नाही. झिजल्यावर मात्र झिजला एवढे कळते.

आमच्या मते अख्खा वाद या दोन दाखल्यांत मिटतो, फक्त आपण तो मिटू देत नाही. उबवणे आपल्या हाती असते, फुटणे नसते. शिबिर करून आलेल्याला काय मिळाले असे विचारणे म्हणजे सुताराला आज दांडा किती झिजला ते विचारणे. आणि उबवण्याची गरजच नाही म्हणणाऱ्याला मग पिल्लांविषयी बोलण्याचा अधिकार उरत नाही. अर्थात हे ऐकणे सोपे आहे. आनंदांनी यातले किती दाखले त्याच कानांनी ऐकले आणि जसेच्या तसे जपून ठेवले असतील! तरी स्वतःवर वेळ आली तेव्हा त्यांनाही ते आठवायला एक अख्खी रात्र लागली.

ती वेळ आली कुशिनारेत. तथागतांचा अंतकाळ जवळ आला हे पाहून आनंद विहारात गेले आणि दाराच्या चौकटीला धरून रडू लागले. मी अजून शिकाऊच आहे, मला अजून करायचे बाकी आहे, आणि माझ्यावर दया करणारा गुरू तर चालला, असे त्यांचे रडणे होते. अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यात महापरिनिब्बाणाची ती भव्य आडवी मूर्ती आहे, आणि तिच्या खाली शोकाकुल माणसांची रांग. आपली सहल तिथे गेली की सगळे मूर्तीकडे मान वर करून बघतात. पुढच्या वेळी खालच्या रांगेकडेही बघावे. तथागतांनी आनंदांना बोलावून घेतले, इतक्या वर्षांच्या त्यांच्या मैत्रीपूर्ण सेवेचे सर्वांसमोर कौतुक केले आणि सांगितले की नेटाने लाग, लवकरच आसवमुक्त होशील. त्याच रात्री सुभद्र नावाचा परिव्राजक भेटायला आला. आनंदांनी गुरूला त्रास नको म्हणून त्याला तीनदा अडवले. तथागतांनी त्याला आत बोलावले, तो त्यांचा शेवटचा शिष्य झाला आणि लवकरच अर्हतही झाला. शेवटच्या रात्री आलेला पुढे गेला, आणि पंचवीस वर्षे दार राखणारा दारातच राहिला.

परिनिब्बाणानंतरचे आनंद ग्रंथांत फार माणसासारखे दिसतात. श्रावस्तीला शुभ नावाचा तरुण भेटायला बोलावतो तर आज औषध घेतले आहे, उद्या येतो, असा निरोप देतात. कोसलातल्या एका वनात राहिले असता भेटायला येणाऱ्या गृहस्थांची समजूत घालण्यातच त्यांचा दिवस जाई. शेवटी वनातल्या देवतेने त्यांना टोकले की ही बडबड पुरे, ध्यानाला बसा. देवतेची गोष्ट ज्याला पटत नाही त्याने ती मनाची टोचणी समजावी. विहाराचे चिटणीसपद सांभाळणाऱ्या आमच्यापैकी प्रत्येकाला ही टोचणी ओळखीची आहे. सगळ्यांचे करता करता स्वतःचे राहून जाते.

राजगृहाला संगीती भरवायचे ठरले. धम्म आणि विनय एकदा सर्वांनी मिळून म्हणून पक्के करायचे, नाहीतर ज्याला जे हवे ते तो बुद्धवचन म्हणून सांगेल. महाकाश्यपांनी ४९९ भिक्खू निवडले, सगळे अर्हत. एक जागा रिकामी ठेवली. आनंदांशिवाय संगीती होणार कशी? सूत्रे तर त्यांच्याच डोक्यात. पण ते अर्हत नाहीत, मग घ्यायचे कसे? इतर भिक्खूंनी आग्रह केला की ते शिकाऊ असले तरी पक्षपात, द्वेष, मोह, भय यांनी वाट सोडणारे नाहीत, त्यांना घ्यावे. घेतले. वर्षावासाचा पहिला महिना राहण्याच्या जागा दुरुस्त करण्यात गेला. सप्तपर्णी गुहेपाशी अजातशत्रूने मंडप उभारून दिला. अट्ठकथा असेही सांगते की काही भिक्खूंनी, इथे एकाच्या अंगाला अजून कच्चा वास येतो, असा टोमणा मारला. कुणाला उद्देशून ते सांगायला नको.

संगीती उद्या सुरू होणार. आणि ती रात्र.

आनंदांनी ठरवले की शिकाऊ म्हणून त्या सभेत पाऊल टाकणे शोभणार नाही. ते चंक्रमणाला लागले. शरीराच्या सतत स्मृतीचा अभ्यास, पावलापावलावर लक्ष. ही पद्धत काही चुकीची नव्हती. खुद्द तथागतांनी शिकवलेली. तिच्यात आनंद कच्चे होते असेही नव्हते. पहिला प्रहर गेला, दुसरा गेला, रात्र सरत आली. काही नाही. आम्ही कल्पना करतो की एकेक पाऊल टाकताना उद्याची रिकामी जागा, ४९९ डोळ्यांच्या जोड्या, तो कच्चा वास, हे सगळे बरोबर चालत असेल. मुदत घालून ज्ञान व्हायला ती काय परीक्षेची तारीख आहे?

पहाटे ते थांबले. अट्ठकथेत त्यांचा विचार सांगितला आहे आणि तो फार मोलाचा आहे. गुरूने तर सांगितले होते की लवकरच होईल; त्यांचे बोलणे खोटे होणार नाही. मग अडते कुठे? माझाच प्रयत्न प्रमाणाबाहेर ताणला गेला आहे, त्यामुळे चित्त उद्धच्चाकडे, चंचलतेकडे गेले आहे. तेव्हा प्रयत्न समतोल करू या. सोणाच्या वीणेची तार त्यांनी दुसऱ्यांना कितीदा सांगितली असेल. ती स्वतःच्या हाती लागली ती त्या पहाटे. ते चंक्रमणावरून उतरले, पाय धुतले, खोलीत आले आणि थोडे पडावे म्हणून मंचकावर बसून कलंडले. पाय जमिनीवरून उचलले गेले होते, डोके अजून उशीला टेकले नव्हते. त्या मधल्या क्षणात चित्त आसवांपासून सुटले.

म्हणून परंपरेत म्हणतात की उभे, बसलेले, चालणारे, निजलेले यांपैकी कुठल्याच स्थितीत नसताना अर्हत झालेले एकटे आनंदच. चारही आसने पद्धतींची. त्यांना गाठले ते पाचव्याच ठिकाणी. हे वाचून कुणी म्हणेल, मग आम्हीही रात्रभराचे चालणे सोडून सरळ आडवे होतो. आडवे तर आपण रोजच होतो! रोज उशीला डोके टेकते आणि सकाळी तेच डोके घेऊन उठतो. आनंदांचे कलंडणे आळसाचे नव्हते. ताणलेले सोडण्यासाठी आधी काहीतरी हातात धरलेले असावे लागते. पंचवीस वर्षे दुसऱ्यासाठी झिजलेला दांडा होता तो. त्या रात्रीने ज्ञान घडवले नाही, आणि ती रात्र नसती तरी ते घडले नसते. आम्हाला यापेक्षा नीट सांगता येत नाही.

सकाळी ते सभेत जाऊन आपल्या जागी बसले. ते जमिनीतून प्रकट झाले वगैरे चमत्कार नंतरच्यांनी जोडले आहेत, त्यांची इथे गरज नाही. उपालींनी विनय सांगितला, तोच न्हाव्याचा मुलगा. मग महाकाश्यपांनी ब्रह्मजाल सूत्रापासून एकेक सूत्र विचारले आणि आनंदांनी ते कुठे, कुणाला, कोणत्या प्रसंगी सांगितले गेले हे सांगितले. प्रत्येक सूत्राच्या आरंभी स्वतः ऐकल्याची ग्वाही देणारा जो 'मी' आहे, तो आनंदांचा.

अर्हत झाले म्हणून सगळे आनंदीआनंद झाले असे मात्र नाही. त्याच संगीतीत त्यांच्यावर दोष ठेवले गेले. लहानसहान नियम कोणते ते तथागतांना विचारले नाही. त्यांचे वस्त्र शिवताना त्यावर पाय ठेवला. त्यांच्या देहाचे दर्शन आधी स्त्रियांना घेऊ दिले, त्यांच्या अश्रूंनी देह भिजला. आणखी काळ जगण्याची विनंती केली नाही. आणि स्त्रियांना प्रव्रज्या मिळवून दिली. आनंदांनी प्रत्येकाचे कारण शांतपणे सांगितले, यात मला दोष दिसत नाही असेही स्पष्ट सांगितले, आणि तरी वडीलधाऱ्या भिक्खूंवरील श्रद्धेपोटी तो मान्य केला. भिक्खुणी संघाबद्दलचा ठपका आम्हाला आजही खटकतो. पण त्यांचे उत्तर पाहा : माघार नाही, भांडणही नाही. आदल्या दिवशीचे आनंद रडले असते. बंधने तुटणे म्हणजे काय, ते सांगायला आम्हाला तरी हा प्रसंग उशीच्या प्रसंगापेक्षा जास्त उपयोगी वाटतो.

तशीच दुसरी हकिकत महाकाश्यपांचीच. दक्षिणगिरीच्या चारिकेत आनंदांचे तीस तरुण शिष्य चीवर सोडून घरी गेले. काश्यपांनी त्यांना पोर म्हणून खडसावले. माझ्या डोक्यावर केस पिकले तरी तुमच्या तोंडून माझे पोरपण सुटत नाही, असे आनंद उत्तरले. राग नाही, लपवाछपवी नाही.

पुढची वर्षे ते शिकवत फिरले. कौशांबीला उद्धट छन्नाला संघाचा दंड कळवायला गेले, आणि तो दंडच छन्नाला जागे करून गेला. तिथल्याच घोषितारामात त्यांनी भिक्खूंना सांगितले की माझ्याकडे येऊन जे कुणी अर्हत झाल्याचे सांगतात, ते चार वाटांपैकी एका वाटेने आलेले असतात. कुणी आधी शमथ मग विपश्यना, कुणी आधी विपश्यना मग शमथ, कुणी दोन्ही जोडीने. आणि चौथा तो, ज्याचे चित्त धम्माविषयीच्याच तळमळीने चंचल होते, आणि मग कधीतरी ते आतल्या आत स्थिरावते, आणि वाट दिसते. हे त्यांनी केव्हा सांगितले, संगीतीआधी की नंतर, ते सूत्रात नाही. चौथी वाट वाचताना मात्र त्यांच्याच पहाटेची आठवण आल्यावाचून राहत नाही.

वैशालीजवळच्या बेलुव गावी दशम नावाचा गृहस्थ त्यांना शोधत आला. पाटलिपुत्राच्या कुक्कुटारामात चौकशी करून तो इथवर पोचला होता. त्याचा प्रश्न आपल्या रविवारच्या चहावरचाच होता : असा एखादा धर्म आहे का, एकच, की ज्याने चित्त सुटते? आनंदांनी त्याला एक नव्हे, अकरा सांगितले. चार ध्याने, मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा, आणि अरूपाच्या तीन अवस्था. शिवाय प्रत्येकाच्या शेवटी एकच पुस्ती जोडली की हीसुद्धा अवस्था घडवलेली आहे आणि घडवलेले ते नाश पावणारे, हे तिथे बसूनच ओळखायचे. म्हणजे ध्यान लागले यावर थांबायचे नाही, ते लागलेलेही धरून ठेवायचे नाही. दशम खूश झाला. एक गुप्तधन शोधायला गेलो आणि अकरा सापडली, असे त्याला वाटले. घराला अकरा दारे असावीत आणि आग लागली तर कुठल्याही दाराने बाहेर पडता यावे, तसे. त्याने पाटलिपुत्राचा आणि वैशालीचा भिक्खुसंघ बोलावून स्वहस्ते भोजन वाढले, प्रत्येकाला वस्त्रजोडी दिली, आनंदांना त्रिचीवर दिले आणि त्यांच्यासाठी एक विहार बांधून दिला.

लेख छापायला देण्याआधी त्या ज्येष्ठ उपासकांना वाचून दाखवला. त्यांनी फडक्याची गोष्ट पुन्हा एकदा वाचायला लावली. आता ते वंदनेला येतात, गुडघ्यांमुळे खुर्चीवर बसतात. अभ्यासिकेच्या चाव्याही सध्या त्यांच्याकडेच असतात.

आनंद १२० वर्षे जगले असे परंपरा म्हणते. शेवट जवळ आला तेव्हा रोहिणी नदीच्या दोन्ही काठांवर त्यांचे आप्त जमले, एकीकडे शाक्य, दुसरीकडे कोलीय. याच नदीच्या पाण्यावरून ही दोन कुळे पूर्वी एकमेकांवर शस्त्रे घेऊन उठली होती. एका काठावर देह ठेवला तर दुसरा काठ दुखावेल, म्हणून त्यांनी नदीच्या मध्यावर देह ठेवला आणि अस्थी दोन्हीकडे वाटल्या गेल्या. पाचव्या शतकाच्या आरंभी भारतात आलेल्या फाहियानने हीच हकिकत गंगेच्या पात्रातली म्हणून लिहिली आहे, मगध आणि वैशाली यांच्या मधली. त्यानेच हेही नोंदवून ठेवले आहे की मध्यदेशातल्या भिक्खुणी पूजेला येतात त्या बहुधा आनंदांच्या स्तूपापाशी.